पुन्हा धावायला लागलो, पण मन हलके होण्याऐवजी जड होते आहे. मदत हवी आहे

पहाटवारा (धागाकर्ता):
सर्वांना नमस्कार. पूर्वी मी नियमित धावत असे आणि दहा किलोमीटर पंचावन्न मिनिटांत सहज पार करत असे. नंतर चार वर्षांचा खंड पडला. गेले काही महिने मन थाऱ्यावर नाही. रात्री तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत एकच विचार डोक्यात घोळत राहतो. धावत होतो तेव्हा माझे असे होत नव्हते, हे मला पक्के आठवते, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी रोज पाच किलोमीटर धावायला सुरुवात केली. परंतु दुसऱ्या किलोमीटरलाच दम संपतो आणि तरीही मनगटावरचे घड्याळ नाडीचे ठोके १२४ च्या पुढे दाखवत नाही. पूर्वी एवढ्याच श्रमाला ते १६५ दाखवत असे. नडग्याही दुखू लागल्या आहेत. घरी परतल्यावर आपल्यातले काहीतरी कायमचे गेले, असे वाटत राहते. घड्याळ बदलावे की धावण्याची पद्धत? कृपया लवकर सांगावे, कारण आणखी एक आठवडा असाच गेला तर मी हे सोडून देईन.

नदीकाठ:
आपले वय किती? रोज म्हणजे आठवड्याचे सातही दिवस का? नडगी नेमकी कुठे दुखते, आणि सध्या कोणते औषध चालू आहे का? एवढे कळल्याशिवाय काहीही सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल.

पहाटवारा:
वय ४१. होय, सातही दिवस. नडगीच्या आतल्या बाजूला, खालच्या अर्ध्या भागात दुखते. औषधांचा येथे काय संबंध, ते समजले नाही. माझा प्रश्न घड्याळाचा आणि दमाचा आहे.

मोकळेपाऊल:
आपले सारे दुखणे बुटांत आहे. जाड तळाच्या बुटांमुळे टाच आधी आपटते आणि तो हादरा थेट नडगीत जातो. मी सहा वर्षांपूर्वी पातळ तळाचे बूट घेतले, तेव्हापासून माझी नडगी एकदाही दुखलेली नाही. आपणही आजच बदल करावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

नदीकाठ:
मोकळेपाऊल, आपल्याला लाभ झाला याचा आनंद आहे, पण आधीच दुखत असलेल्या पायांना हा सल्ला देऊ नये. पातळ तळामुळे भार नाहीसा होत नाही. तो पोटरीवर आणि टाचेच्या वरच्या स्नायूबंधावर सरकतो. येथे कारण सरळ दिसते आहे: खंडानंतर हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारू लागतात, परंतु हाडे आणि स्नायूबंध यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि धागाकर्त्यांनी त्यांना एकाही दिवसाची विश्रांती दिलेली नाही. दुखणे लांब पट्ट्यात असेल तर भार कमी केल्यावर ते बहुधा निवळते. मात्र बोटाने दाबल्यावर एकाच बिंदूवर कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणे थांबवून हाड तपासून घ्यावे.

लांबपल्ला:
ध्येय नसेल तर मन लागत नाही. माझ्या मते आपण २१.१ किलोमीटरच्या एखाद्या शर्यतीत नाव नोंदवावे. तारीख डोळ्यांसमोर आली की एंडॉर्फिन, म्हणजे शरीरातच तयार होणारी वेदनाशामक द्रव्ये, आपोआप वाहू लागतात आणि औदासीन्य पळून जाते.

शांतनाडी:
लांबपल्ला, एंडॉर्फिनची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, पण रक्तातले एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाहीत. धावल्यानंतरच्या त्या हलकेपणाचे श्रेय आता बरेचसे शरीरातच तयार होणाऱ्या कॅनॅबिनॉइड, म्हणजे भांगेतल्या द्रव्यांसारख्या, द्रव्यांना दिले जाते. त्यांतील एकाचा शोध १९९२ मध्ये लागला, आणि शोधकर्त्यांनी आपल्या ओळखीच्या 'आनंद' या संस्कृत शब्दावरून त्याला 'आनंदामाइड' हे नाव दिले. सध्या पाच किलोमीटरच पेलत नसताना शर्यतीची तारीख हा आणखी एक धाक ठरेल.

धागाकर्त्यांना मात्र औषधाचा प्रश्न मी पुन्हा विचारतो. दम लागलेला असताना नाडी १२४ वर अडकून राहणे, याची दोन कारणे मला सुचतात. एक तर मनगटावरचे घड्याळ चुकत असेल. पुढच्या वेळी थांबल्या थांबल्या मानेच्या बाजूला दोन बोटे ठेवून पंधरा सेकंदांचे ठोके मोजावेत आणि चाराने गुणावे. आकडा घड्याळाशी जुळला, तर दुसरे कारण औषधाचे असू शकते.

पहाटवारा:
आज मोजले. पंधरा सेकंदांत एकतीस ठोके भरले, म्हणजे १२४. घड्याळ बरोबर आहे. धडधड आणि हातांचा कंप यांसाठी मला पाच महिन्यांपासून प्रोप्रॅनोलॉल दिलेले आहे आणि मी ते सकाळी घेतो. ते मनाच्या अस्वस्थतेसाठी आहे, म्हणून येथे सांगण्याची गरज वाटली नाही.

शांतनाडी:
तेच कारण दिसते. प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातले औषध आहे. ते हृदयावरचा ॲड्रेनॅलिनचा परिणाम अडवते, त्यामुळे श्रम वाढले तरी ठोके पूर्वीइतके चढत नाहीत आणि तोच वेग अधिक कष्टाचा वाटू शकतो. वय २२० मधून वजा करून कमाल नाडी काढण्याचे सूत्र अशा वेळी लागू पडत नाही. जुन्या नोंदींशी आजचा आकडा ताडून आपण स्वतःवर अन्याय करत आहात. श्रम बोलण्यावरून ओळखावेत: धावताना एक पूर्ण वाक्य न अडखळता म्हणता आले, तर वेग योग्य आहे. छातीत दुखले, घेरी आली किंवा शुद्ध हरपते आहे असे वाटले, तर तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे.

लांबपल्ला:
मग औषधच बंद करावे. १९९९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी औदासीन्य असलेल्या १५६ जणांवर केलेल्या अभ्यासात १६ आठवड्यांनंतर व्यायामाचा गुण औषधाच्या तोडीचा दिसला होता.

शांतनाडी:
अभ्यास खरा आहे, निष्कर्ष मात्र आपला आहे. तेथील औषध सर्ट्रालिन हे औदासीन्यावरचे होते, सहभागी पन्नाशीच्या पुढचे होते आणि व्यायाम देखरेखीखाली होत असे. चालू औषध स्वतःहून सोडून पाहा, असे त्यात कोठेही नाही. बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवल्यास धडधड आणि रक्तदाब उसळून वर येऊ शकतात. पहाटवारा, कृपया हा सल्ला मानू नका. धावणे सुरू केल्याचे आपल्या डॉक्टरांना सांगा आणि मात्रेचा निर्णय त्यांच्याकडेच राहू द्या.

निवांत:
मी पोहण्याची शिफारस करेन. पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही.

नदीकाठ:
निवांत, गुडघ्यांची तक्रार येथे कोणी केलेली नाही. पहाटवारा, आठवडाभर नुसते चाला. नडगी शांत झाली की एक दिवसाआड या, पाच मिनिटे चालून अंग मोकळे करा आणि मग ६० सेकंद धावणे, ९० सेकंद चालणे, असे वीस मिनिटे करा. नवशिक्यांना पाच किलोमीटरपर्यंत नेणाऱ्या नऊ आठवड्यांच्या प्रसिद्ध कार्यक्रमाचा पहिला आठवडा असाच असतो. आपण पूर्वी धावत होतात, म्हणून हे आपल्याला कमीपणाचे वाटेल. मलाही दोन वर्षांच्या खंडानंतर तसे वाटले होते आणि मी रडलो होतो.

पहाटवारा:
उत्तर द्यायला अडीच आठवडे लागले, क्षमस्व. डॉक्टरांशी बोललो, औषध आहे तसेच चालू आहे आणि अशा धावण्याला त्यांची हरकत नाही. नडगीचे दुखणे पट्ट्यातलेच होते आणि आठवडाभर चालण्याने ते निवळले. घड्याळ आता घरी ठेवतो. काल सहाव्या फेरीत साठ सेकंद मोजण्यासाठी मी मोठ्याने आकडे म्हणत होतो, आणि चाळिसाव्या आकड्याला लक्षात आले की आवाज अडखळत नाही. रात्री तीनला अजूनही जाग येते, पण काल पुन्हा डोळा लागला. नदीकाठ, दुसऱ्या आठवड्यात धावण्याचे सेकंद वाढवायचे की फेऱ्या?

नदीकाठ:
सेकंद. ९० धावा, दोन मिनिटे चाला आणि एकूण वीस मिनिटे तशीच ठेवा. मधला विश्रांतीचा दिवस मात्र सोडू नका.