पंखा चालू असलेल्या खोलीत सुगंधी मेणबत्ती लावावी का?

चाफेकळी :
दिवाळीत भेट म्हणून काचेच्या पेल्यातल्या सुगंधी मेणबत्त्या घरोघरी साठतात. मग त्या लागतात कुठे, तर टीव्हीच्या कपाटावर, पडद्याला खेटून, आणि वर पंखा गरगरतोय. माझं मत सरळ आहे : पंखा बंद करायची तयारी नसेल तर मेणबत्ती लावूच नका. वाऱ्याने ज्योत एका अंगाला झुकते, त्या बाजूची काच काळवंडते आणि नको इतकी तापते. दुसऱ्या बाजूचं मेण तसंच घट्ट राहतं. ज्योत फडफडली की धूर वाढतो आणि सुगंधही पांगून जातो. पैसे गेले, भिंत काळी झाली, शिवाय पडदा धोक्यात.

घाटावरचा :
अर्धंच पटलं. चैत्र-वैशाखात पंखा बंद करून बसणार कोण? खिडक्या लावून एसी सुरू केला तर सगळा धूर आपल्याच छातीत. माझ्या आईला दमा आहे, पाहुण्याच्या अंगावरचं अत्तरही तिला सोसत नाही. आमच्याकडे सुगंधी मेणबत्ती बंदच, पंखा असो वा नसो. वास हवा तर ओंजळभर मोगरा वाटीत पाण्यावर ठेवावा, माठात वाळ्याची जुडी टाकावी.

सोनटक्का :
दम्याच्या माणसाजवळ लावू नये, शंभर टक्के मान्य. पण म्हणून सगळ्यांनाच बंदी कशाला? उदबत्ती ज्योतीने जळत नाही, धुमसते, त्यामुळे तिचा धूर बहुधा मेणबत्तीपेक्षा जास्तच असतो. ती मात्र दोन्ही वेळा लागते आणि कोणी हरकत घेत नाही.

मी घरी मेणबत्त्या करून विकते, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचा थर कडेपर्यंत पातळ होईस्तोवर विझवू नका. व्यासाच्या दर इंचाला साधारण एक तास धरा, म्हणजे तीन इंची पेल्याला तीन तास. घाई केली तर पुढच्या वेळीही मेण तेवढ्याच गोलात वितळतं, मधे खड्डा पडत जातो, वात त्यात बुडते आणि कडेचं मेण वाया जातं. दुसरं म्हणजे वात. जळलेल्या टोकाला काळं बोंड धरतं. मेण गार झाल्यावर ते चिमटीत धरून मोडायचं आणि वात पाव इंच ठेवूनच पुन्हा लावायची. लांब वात मेण जास्त ओढते, ज्योतीला तेवढी हवा पुरत नाही, मग न जळलेला कार्बन काजळी होऊन वर जातो. छताला काळे डाग दिसले की मी आधी वातच बघते.

गिऱ्हाइकं विचारतात, सोयाचं मेण आहे ना, मग धूर होणार नाही ना? होतो. सोया निर्धोक असं मी स्वतःच्या मालाबद्दलही सांगत नाही.

आजोळ :
एवढं घाबरायचं कारण कळत नाही. देवापुढे समई तासन्‌तास तेवते, लहान पोरंसुद्धा निरांजन हातात धरून आरती करतात. कोणी पट्टी घेऊन वात मोजत नाही.

चाफेकळी :
मोजत नाही, पण घरातलं कोणीतरी वात पुढे सारतं, काजळी झाडतं, तेल बघतं, पदर सावरून वाकतं. समई पितळेची असते आणि तिच्याजवळ पडदा लोंबत नाही. मेणबत्ती मात्र बेडरूममध्ये लावून माणूस मोबाइल बघत झोपून जातो. मेण तळाशी अर्धा इंच उरलं की ती कायमची बंद करायची असते, कारण पुढे धग थेट काचेच्या बुडाला लागते. पेला तडकतो, नाहीतर खालचं लाकूड करपतं. आणि एका वेळी चार तास पुष्कळ झाले. झोपलेल्या माणसाला यातलं काय दिसणार?

खडू-फळा :
मी विज्ञान शिकवतो. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. त्यातला एक प्रयोग मी वर्गात करतो. मेणबत्ती विझवली की वातीतून पांढरा धूर निघतो. पेटती काडी वातीपासून दूरच, त्या धुरात धरायची, की ज्योत धुरावरून खाली धावत येते आणि वात पुन्हा पेटते. तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ. फुंकर मारल्यावर खोलीभर जो जळका वास पसरतो तोही तिचाच. म्हणून धातूचं झाकण ठेवून विझवा.

मेण भडकलं तर पाणी कधीही ओतू नका. तापल्या तेलावर होतं तेच इथे होतं : पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण उसळून अंगावर येतं.

पंख्याला दुसराही उपाय आहे. बल्बच्या उष्णतेने मेण वितळवणारे दिवे मिळतात. त्यात ज्योतच नाही, खुशाल पंखा लावा.

घाटावरचा :
काजळीचा प्रश्न सुटला, वासाचा नाही. सुगंधी तेल हवेत मिसळणारच, आणि आईला त्रास होतो तो त्याचाच. घरात मांजर किंवा पोपट असेल त्यांनीही विचार करावा. टी ट्री तेल मांजरांना विषारी असतं, पाखरांची फुप्फुसं फार नाजूक. आमचा मोगराच बरा.

चाफेकळी :
तुमच्या घरासाठी तेच योग्य. बाकीच्यांना माझा आग्रह एवढाच की ज्योत आहे तोवर त्या खोलीत जागं माणूस हवं. खाली दूध आणायला जायचं असलं तरी आधी झाकण ठेवा.