गव्हाळ, सावळा की काळा? नाईलकाठच्या माणसांचे रंग मराठीत कसे आणायचे

काठावरची: एक प्रवासवर्णन मराठीत आणतेय. नाईलच्या मुखापासून अस्वानपर्यंत काठाकाठाने जे जे लोक भेटले, त्यांचं वर्णन आहे. उत्तरेकडच्या त्रिभुज प्रदेशातल्या शेतकऱ्याला लेखकाने तिथलाच अरबी शब्द लावलाय, ‘कमही’, म्हणजे गव्हाच्या रंगाचा. ‘गव्हाळ’ चटकन बसलं. अडलं ते पुढे. दक्षिणेकडच्या सईदी (सईद भागातल्या) माणसाला ‘अस्मर’ म्हटलंय, मी ‘सावळा’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘काळा’ केलं, आणि अस्वानच्या न्युबियन (इजिप्त-सुदान सीमेकडच्या समाजातल्या) नावाड्यालाही ‘काळा’च ठेवलं. मग पाचशे पानांत त्या दोघांच्या रूपात फरक उरलाच कुठे?

पिरॅमिडवाटेवर: आम्ही चार वर्षं कैरोत होतो. तिथे ‘कमही’तला क गिळून टाकतात, ‘अमही’ ऐकू येतं. सईदी माणूस त्याचाच ग करतो, ‘गमही’. आमच्या इमारतीचा राखणदार सईदमधल्या मिन्याकडचा, स्वतःला अस्मर म्हणवायचा. रंगाने माझ्या वडिलांसारखा. अस्मरमध्ये तिथे हेटाळणी नाही, लाडाने हाक मारतानाही म्हणतात. ‘सावळा’च हवं. विठोबाला सावळा म्हणणाऱ्या भाषेत याहून जवळचा शब्द मिळायचा नाही.

वऱ्हाडची माती: ‘गमही’ वाचलं आणि उठून बसलो! गमही, गहू, गव्हाळ. हे एकच मूळ असणार.

धातुपाठ: नाही हो. गहू आला संस्कृत ‘गोधूम’वरून. फारसी ‘गंदुम’ त्याच्या जवळचा, म्हणून उर्दूत ‘गंदुमी रंग’. अरबी ‘कम्ह’ सेमिटिक घरातला, हिब्रूत ‘केमाह’ म्हणजे पीठ. शब्द नात्यातले नाहीत. पण चार भाषांना माणसाच्या कातडीकडे बघून गहूच आठवला, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

जात्यावरची: पण कुठला गहू? बन्सी पिवळसर, लोकवन उजळ, खपली तांबूस. माझ्या आजीच्या तोंडी ‘गव्हाळ’ म्हणजे खपलीचाच रंग. आणि प्राचीन इजिप्तमध्ये भाकरी नि बियर ज्या गव्हाची करत तो खपलीच्याच जातीचा. आता तिथे तो पेरत नाहीत. म्हणजे फॅरोच्या काळचा गव्हाळ आणि आजचा गव्हाळ हे दोन वेगळे रंग झाले. वधूवरांच्या जाहिरातींनी तर हा शब्द पार पुसट केलाय. माझ्या स्थळाच्या कागदावर ‘गव्हाळ’ लिहिलं होतं. मी सावळी आहे, आणि सावळीच लिहायला हवं होतं. त्याचं वाईट अजून वाटतं.

गेरूपिवडी: जुन्या चित्रांवरून रंग ठरवणार असाल तर जपून. थडग्यांतल्या भिंतींवर पुरुष गेरूने रंगवलेले आणि बायका पिवडीने. मैदूमला सापडलेले राहोतेप आणि नोफ्रेत या जोडप्याचे रंगवलेले पुतळे कैरोच्या संग्रहालयात आहेत, चौथ्या राजवंशातले. तो तांबूस-तपकिरी, ती फिकट पिवळी. एकाच गावचं नवराबायको इतक्या वेगळ्या रंगाचं नसणार, तो चित्रकारांचा संकेत होता. पुरुष उन्हात, बाई सावलीत. त्या पुरुषांना माझ्या मते ‘रापलेला’ म्हणावं.

धातुपाठ: ‘रापलेला’ म्हणजे मूळचा रंग वेगळा असं गृहीत धरणं. ‘ताम्रवर्णी’ म्हणा.

गेरूपिवडी: ताम्रवर्णी कोण बोलतं हो घरात? ‘तांबूस’ म्हणा. आणि संकेत असले तरी फरक त्यांना दिसत होताच. असियूतच्या मेसेहती या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या सापडल्या, चाळीस इजिप्शियन भालेकरी आणि चाळीस न्युबियन तिरंदाज. भालेकरी तपकिरी, तिरंदाज त्याहून गडद, कपडेही वेगळे. असियूत म्हणजे सईदमध्येच. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने दोन रंग वापरले आणि आपण दोघांना मिळून एक ‘काळा’ लिहायचं?

काठावरची: हेच मला तपासणाऱ्यांना सांगायचं होतं! त्यांचं म्हणणं, इजिप्तचं जुनं नावच ‘केमेत’, म्हणजे काळ्यांचा देश.

वऱ्हाडची माती: याचं उत्तर कोणताही शेतकरी देईल. गावात काळी-पांढरी म्हणतो तेव्हा माणसांचा रंग सांगतो का आपण? पांढरी म्हणजे वस्ती, काळी म्हणजे रान. केमेत म्हणजे काळी. नाईलच्या पुराचा गाळ.

धातुपाठ: बरोबर, आणि वाळवंटाला ते ‘देशरेत’, तांबडी, म्हणत. मात्र ग्रीक इतिहासकार हेरोडोटस माणसांबद्दलच बोलतो. त्याने इजिप्शियनांना लावलेल्या ग्रीक विशेषणाचं भाषांतर कुणी ‘काळ्या कातडीचे’ करतं, कुणी ‘सावळे’. अडीच हजार वर्षांत तुमचा प्रश्न सुटलेला नाही, ताई.

पिरॅमिडवाटेवर: सुदानात तर गडद माणसाला ‘अख्दर’ म्हणतात, शब्दशः हिरवा, आणि त्याहून गडद तो ‘अझ्रक’, निळा. आपला ‘श्याम’ही निळ्या-हिरव्याकडे झुकतोच. न्युबियन नावाड्यासाठी ‘घननीळ’ कसा वाटतो?

जात्यावरची: नावाड्याचा देव होईल. ‘काळाभोर’ लिहा, त्यात कौतुक आहे.

धातुपाठ: एक राहिलंच. दक्षिणेकडच्या भागाला मराठीत काय लिहिलंय? ‘ऊर्ध्व इजिप्त’ हवं, नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते म्हणून दक्षिण ही वरची बाजू. आपल्याकडे ऊर्ध्व वर्धा आहे, निम्न तेरणा आहे.

वऱ्हाडची माती: मोर्शीजवळच्या त्या धरणाला आम्ही कुणीच ऊर्ध्व म्हणत नाही, अप्पर वर्धा म्हणतो. आणि ‘निम्न इजिप्त’मधली माणसं म्हटलं की जातीचा वास येतो. वरचा, खालचा म्हणा. कोकणात आपण खालीच उतरतो.

जात्यावरची: पण नकाशात वरचा इजिप्त खाली दिसतो, पोरं गोंधळतात. ‘सईद’च ठेवा.

काठावरची: ‘सईद’ ठेवते. नावाड्याचं मात्र परवापर्यंत ठरवायचंय. म्हातारा आहे, त्याचं गाव अस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्याखाली गेलं, १९६४ साली घरच्यांना कोम ओम्बोकडे हलवलं. फेलुका, म्हणजे शिडाची होडी, चालवतो.

गेरूपिवडी: शिडाची असेल तर नावाडी कसा? तांडेल म्हणा.

पिरॅमिडवाटेवर: तांडेल समुद्रावरचा. नदीवर नावाडीच.