टबातल्या वॉटर लिलीला पानं भरपूर, फूल एकही नाही (बडोदा)

वाघोडिया_रोड:
नमस्कार. आमच्या टेनामेंटच्या पुढच्या ओट्यावर साठेक लिटरचा काळा प्लास्टिकचा टब ठेवलाय. पावसाळ्याआधी नर्सरीतून वॉटर लिली आणली, निळ्या फुलाची म्हणून. कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या कुंडीत लावली आणि कुंडी टबात बुडवली. पानं बशीएवढी झालीत, पण कळीचा पत्ता नाही. पाणी हिरवं होतं म्हणून दर रविवारी बदलतो, बुधवारपर्यंत परत हिरवं. शोभेला सोलरवर चालणारं छोटं कारंजं सोडलंय. ऊन सकाळी अकरापर्यंत, मग समोरच्या घराची सावली. त्यात सोसायटीतले एक काका डासांवरून रोज टोकतात. टब काढून टाकू का? मी आठला निघतो, सातला येतो, त्यामुळे रोजची उस्तवार जमणार नाही.

रावपुरा_७:
चिमूटभर मोरचूद टाका. एका दिवसात पाणी काचेसारखं.

अगाशीवाली:
मोरचूद अजिबात टाकू नका. शेवाळ मरतं हे खरं, पण लिलीही खंगते आणि मासे सोडले असतील तर तेही जातात. शिवाय मेलेलं शेवाळ तिथंच कुजतं, म्हणजे पुढच्या शेवाळाला खत तयार.

वाघोडियावाले, आधी ते कारंजं काढा. लिली साचलेल्या पाण्यातली आहे, पानांवर सतत पाणी उडत राहिलेलं तिला मानवत नाही.

आता खरं दुखणं. तुमचं सगळं लक्ष पाण्याकडे आहे आणि लिली जेवते मातीतून. कोकोपीट तरंगतं, गांडूळखत पाण्यात उतरतं, लिलीच्या तोंडचं शेवाळ खातं. रविवारी तुम्ही पाणी फेकता, नव्या पाण्यात उरलेलं खत पुन्हा उतरतं, वर ऊन आहेच. बुधवारी हिरवं होणार नाही तर काय होईल?

आपल्या बडोद्याच्या आसपास काळी माती ढिगानं आहे, तिच्यासाठी नर्सरीत पैसे घालवू नका. ओली करून मूठ दाबली की गोळा टिकला पाहिजे, तीच माती. खोल कुंडी नको, बिनभोकाचं पसरट घमेलं घ्या. तळाला मूठभर पूर्ण मुरलेलं शेणखत (ताजं घातलंत तर शेजारचे काका डास विसरून वासावर येतील), वर माती दाबून, आणि सगळ्यात वर बोटभर जाड रेती. रेती हवीच, नाहीतर मासे माती उकरून पाणी गढूळ करतात. निळी असेल तर ती उष्ण प्रदेशातली. तिचा गड्डा मधोमध लावायचा, कोंब मातीच्या वर राहू द्यायचा. थंड हवेतल्या जातींचा कंद आल्यासारखा आडवा सरकत जातो, तो घमेल्याच्या कडेला, कोंब मधल्या बाजूला करून. मातीच्या वर वीतभर पाणी पुरे.

नवी पानं धरली की महिन्यातून एकदा अर्धा चमचा डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) कागदाच्या पुडीत बांधून मातीत खोल खुपसा. पाण्यात विरघळणारं फवारणीचं खत टबात ओतायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत खत बंद. निळी त्या दिवसांत लहानशी होऊन बसते, मेली समजून फेकू नका.

आणि पाणी बदलू नका! आटेल तेवढंच भरा. सुरुवातीला हिरवं होईल, होऊ द्या. दोन तृतीयांश पाणी पानांखाली झाकलं गेलं की शेवाळाला ऊन मिळत नाही आणि पाणी आपसूक निवळतं. तोवर हवं तर पिस्टियाची, म्हणजे पाण्यावर वाढणाऱ्या पाणवनस्पतीची, दोन रोपं तरंगत ठेवा. ती भराभर वाढतात, जास्तीची कुंडीत गाडा, तलावात सोडू नका.

डासांचं: डेंग्यूच्या डासाची अंडी टबाच्या आतल्या कडेला चिकटतात, पाणी ओतून दिलं तरी राहतात. कड घासून घ्या आणि चार-पाच गप्पी मासे सोडा, एका अळीला जगू देणार नाहीत. मासे माशांच्या दुकानातूनच घ्या. विश्वामित्री नदीतून काही आणू नका, आपल्याकडे गप्पीच्या जागी मगरीचं पिल्लू यायचं. मासे आले की काकांना बोलावून दाखवा, तोंडी समजावून काही होत नाही.

वाघोडिया_रोड:
काकू, खूप आभार. माती या आठवड्यात बदलतो. उन्हाचं काय करू? आणि कळी आली तरी फूल मला दिसणार कधी?

अगाशीवाली:
चार तासांत निळी पानंच काढत राहील, तिला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. गच्ची तुमची असेल तर टब वर न्या. साठ लिटर म्हणजे साठ किलो पाणीच, शिवाय माती. मधोमध न ठेवता भिंतीलगत ठेवा, आणि रिकामा नेऊन वरच भरा. ओट्यावरच ठेवायचा असेल तर पिवळी ‘क्रोमाटेला’ मिळते का बघा. फ्रान्सच्या लातूर-मार्लियाक यांनी 1887 मध्ये काढलेली जुनी जात, कमी उन्हातही फूल देते.

निळी साधारण नऊ-दहाला उघडते आणि दुपार कलली की मिटते. तुम्हाला रविवारीच भेटेल. तुमच्यासारख्या नोकरीवाल्यांनी रात्री फुलणारी लाल किंवा पांढरी लावावी. संध्याकाळी उघडते, सकाळी तुम्ही निघताना अजून उघडीच असते. तिलाही दिवसाचं ऊन तेवढंच लागतं, हे विसरू नका. एक फूल तीन-चार दिवस उघडझाप करतं, मग पाण्याखाली जातं. तेव्हा देठ खालून कापून टाका, कुजू देऊ नका.

निझामपुरेकर:
गच्चीवर नेणार असाल तर उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, विचार करा. आमच्याकडे त्या दोन दिवसांत निम्मी सोसायटी वर असते. टबात पतंग पडतात, मांजा देठांत गुंततो, आणि ओढला की पानंच तुटून येतात.

अगाशीवाली:
अगदी खरं. मांजा ओढायचा नाही, कात्रीनं तुकडे करून काढायचा, आणि हात घालायचा नाही, त्याला काच असते. वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस) संपेपर्यंत टबावर हिरवी जाळी बांधून ठेवा. तीच जाळी एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर टबावर ओढा. काळ्या प्लास्टिकमधलं थोडं पाणी गच्चीवर इतकं तापतं की लिली तग धरते, पण गप्पी टिकत नाहीत.