पुण्यात आईच्या गॅलरीत विंचू? कोणी ओळखेल का?

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आज पाठवणार होतो, पण वेगळंच प्रकरण उपटलंय. मी सध्या मेलबर्नहून पाषाणला आईकडे आलोय. काल रात्री धो धो पाऊस, लाइट गेलेले. आले तेव्हा गॅलरीतल्या ट्यूबखाली हा पाहुणा. वाळक्या पानासारखा चपटा, मातकट, अंगठ्याएवढा. पुढे खेकड्यासारखे दोन हात, मागे जवळजवळ अंगाइतकीच लांब शेपटी. आईने "इंगळी!" म्हणून चपलेला हात घातला, मी वर स्टीलचा डबा पालथा घातला. डबा अजून तिथेच आहे, त्यावर बत्ता. फोटो जोडलाय. हललाय, कारण हात हलत होता.
— खजिनदार

खजिनदारसाहेब, डबा उचलू नका! आमच्या कोकणात लाल विंचवाने माणसं दगावायची. सोसायटीच्या वॉचमनला बोलवा.
— ढोलपथक

अरे, आधी पाय मोजलेस का? विंचवाला चिमटे सोडून आठ पाय असतात. आणि शेपटी मणी ओवल्यासारखी, पेरापेरांची, टोकाला फुगीर नांगी. तू खजिनदार, नोटा तपासायचा जांभळा दिवा असेलच. अंधारात तो मार, खरा विंचू हिरवट-निळा चमकतो. डब्याऐवजी काचेचा ग्लास ठेव, खाली पुठ्ठा सरकव. हात लावू नकोस.
— तुमची झूऑलॉजीवाली मावशी

मावशी, दिवा मेलबर्नला राहिला. पण ग्लासातून मोजले. चालतो चारच पायांवर, पुढचे हात धरून सहा. आणि शेपटीचे मघाशी चक्क दोन केस झाले, मग परत एक!
— खजिनदार

मग हा पाणविंचू. विंचवाचा कोणी नाही, ढेकणाच्या गोत्रातला किडा. ती शेपटी म्हणजे नाक रे! दोन अर्ध्या पन्हळी जुळून नळी होते. डबक्यात डोकं खाली करून बसतो, नळीचं टोक पाण्याबाहेर. पुढच्या हातांनी बेडकाची पिल्लं, डासांच्या अळ्या पकडतो आणि सोंड खुपसून शोषतो. पोहण्यात अगदीच ढ, तळाशी सरपटतो. रात्री उडतो मात्र, म्हणून दिव्यावर आला. शिवाय ओली चकचकीत फरशी या मंडळींना पाण्यासारखी दिसते. पाषाणचं तळंही जवळच. नांगी नाही, पण चिमटीत धरलास तर सोंडेने सणसणीत चावेल.

ढोलपथकाची भीती मात्र खोटी नाही. लाल विंचवाचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड असते. चिमटे दांडगे म्हणून काळी इंगळी जास्त भयंकर वाटते, पण जीव घेतो तो लालच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून किती माणसं वाचवली! 2022 साली पद्मश्री मिळाली त्यांना. विंचू चावला तर मंत्रबिंत्र नको, थेट दवाखाना.
— मावशी

मावशी, जुन्या पुस्तकांच्या खोक्यात तांदळाच्या दाण्याहून लहान, चिमटेवाला, बिनशेपटीचा निघाला होता. तोही पाणविंचूच का?
— ग्रंथालय समिती

नाही, तो छद्मविंचू. आठ पायांचा, म्हणजे विंचवाच्या नात्यातला खरा. पुस्तकांतले बारीक किडे खातो. राहू द्या, समितीवर घ्या.
— मावशी

मावशी, बादलीत सोडून पाहिला. खरंच उलटा लटकला, नळी वर! आई अर्धा तास स्टूल घेऊन बघत होती. "नाक मागे असलेला मी पहिलाच पाहिला," म्हणाली. संध्याकाळी सोसायटीमागच्या डबक्यात सोडला. डबा पोह्यांचा होता, तीनदा घासला तरी आई स्वयंपाकघरात घेत नाहीये. हिशेब उद्या.
— खजिनदार