मदत हवी आहे: खर्र्याच्या पन्न्यांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरजवळच्या गावातली बारा-पंधरा पोरं. गेल्या रविवारी शाळेच्या कुंपणापासून बसथांब्यापर्यंत झाडलं. दोन पोती भरली, त्यात निम्म्याहून जास्त खर्र्याच्या पन्न्या. सुपारी, तंबाखू, चुना घासून घासून चुरगळलेल्या, काहींना अजून रबर तसंच. विडी-सिगारेटची थोटकं वेगळी. सिगारेटचं फिल्टर कापसाचं नसतं, एक प्रकारचं प्लास्टिकच असतं, हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

आता अडचण. पन्न्या लाळेने बरबटलेल्या, भंगारवाला हात लावत नाही. जाळायच्या नाहीत हे ठरलंय. मग द्यायच्या कुठे?

दुसरं म्हणजे टपरी. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, हे माहीत आहे. पण टपरीवाले काका आमच्यातल्याच एकाचे सख्खे मामा. तक्रार केली तर घरात भांडण, नाही केली तर सातवीतली पोरं तिथेच उभी. (आमच्यातलेही दोघं खातात, झाडताना एकाच्या गालात होताच!)

गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूमुक्तीच्या कार्यक्रमात गावांनी स्वतःच विक्री बंद केल्याचं वाचलंय. तिथे कोणी काम केलंय का? ग्रामसभेत विषय नेमका कसा मांडला, आणि दुकानदाराला दुसरं काय विकायला सुचवलं? येत्या ग्रामसभेआधी सांगाल तर बरं होईल.