लोगो राहू दे, आधी म्यूटचं बटण बघा
एक सूचना आली आहे की आपलं कॉन्फरन्स कॉलचं ॲप जुनाट दिसतं, म्हणून आधी नवा लोगो आणि रंग ठरवू. मी उलट म्हणेन.

कोथरूडला आमच्या सोसायटीची मीटिंग ऑनलाइन होते. एका काकांना काट मारलेला माईक दिसला. त्यांना वाटलं, हे दाबलं की आवाज बंद होईल. तो आधीच बंद होता! दाबल्यावर लिफ्टच्या खर्चावरून सेक्रेटरींबद्दल काकूंपाशी काढलेले उद्गार घरोघरी पोचले. चिन्ह आत्ताची स्थिती दाखवतं की दाबल्यावर काय होईल ते, हा घोळ नव्या रंगाने सुटत नाही. खाली सरळ लिहा, 'तुमचा आवाज बंद आहे'. पुणेरी पाटीसारखं, शंकेला जागाच नको. नुसत्या लाल-हिरव्यावरही विसंबू नका, बऱ्याच जणांना तो फरक दिसत नाही. बटण निदान ४८ डीपीचं (डीपी म्हणजे पडद्यावरच्या आकाराचं माप) हवं, अँड्रॉइडची शिफारसच तशी आहे. आणि मराठी देणार असाल तर ओळींत अंतर वाढवा, नाहीतर वेलांट्या-उकार कापले जातात.

ब्रँडिंगचं म्हणाल तर गूगलने २०२० मध्ये मीट, जीमेल, कॅलेंडर सगळ्यांना तेच चार रंग दिले. मी अजूनही घाईत भलतंच उघडतो. २०२२ मध्ये त्यांच्याच ड्युओ या व्हिडिओ कॉलच्या दुसऱ्या ॲपचं नावही मीट केलं, तर काही काळ फोनवर दोन-दोन मीट! नाव बदला हवं तर, पण जुन्या मीटिंगच्या लिंका चालू ठेवा.