मदत हवी आहे: लाव्हा आला तर पर्यायी रस्ता खुला ठेवावा का?

नमस्कार मंडळी. मी हवाई बेटावरच्या पुना भागात राहतो. इथून बाहेर पडायला मुख्य रस्ता एकच, हायवे १३०. २०१४ मध्ये लाव्हा पाहोआ गावाच्या तोंडाशी आला, तेव्हा घाईघाईने रेलरोड ॲव्हेन्यू आणि गव्हर्नमेंट बीच रोड वापरण्याजोगे केले. शिवाय इथल्या ज्वालामुखीच्या नॅशनल पार्कातून, जुन्या लाव्हाच्या थरांवरून, चेन ऑफ क्रेटर्स नावाच्या रस्त्याचा मार्ग काढायला घेतला. तेव्हा लाव्हा हायवेपर्यंत पोचलाच नाही. २०१८ ला मात्र लेलानी इस्टेट्स आणि आसपासची मिळून ७०० हून जास्त घरं गेली.

आता आमच्या वस्तीत वाद पेटलाय. मागच्या खडीच्या रस्त्याला फाटक आहे. काहींना तो कायम उघडा हवा. त्या रस्त्यालगतचे लोक म्हणतात, धूळ आम्ही खायची आणि परक्यांची वर्दळही आम्हीच सोसायची! त्यांचंही चूक नाही, पण कुलपाची किल्ली रात्री दोन वाजता शोधणार कोण?

रस्तेबांधणी किंवा आपत्ती व्यवस्थापनात काम केलेलं कुणी आहे का इथे? समोरासमोर अग्निशमन बंब आणि गाडी आली तर खडीचा रस्ता किती रुंद लागतो? आणि खाजगी रस्त्याच्या देखभालीचा खर्च कसा वाटून घेतात? पुढच्या बैठकीत मलाच बोलायचंय.